इंग्रजी शब्दांतील 'जी-एच' : एका अक्षरजोडीचा इतिहास

इंग्रजी भाषेच्या शब्दसंग्रहात 'जी' आणि 'एच' ही दोन रोमन अक्षरे लागोपाठ येणाऱ्या शब्दांचा एक मोठा वर्ग आहे. रात्रवाचक 'नाइट', कन्यावाचक 'डॉटर', तसेच 'थ्रू', 'लाफ', 'इनफ', 'डिलाइट', 'गोस्ट', 'गेटो', 'डिंगी' हे सर्व शब्द या वर्गात मोडतात. त्यांतील काहींत ही जोडी मूक आहे, काहींत तिचा उच्चार 'फ' असा होतो, तर काहींत केवळ 'ग' असा होतो. या वस्तुस्थितीचा उलगडा सामान्यतः दोन प्रकारांनी केला जातो. इंग्रजी वर्णलेखन मुळातच लहरी आहे, त्यात नियम शोधणे व्यर्थ होय, असे एक मत. ही अक्षरे म्हणजे लुप्त झालेल्या एका प्राचीन ध्वनीचे अवशेष होत, असे दुसरे मत. पहिले मत आळसाचे आहे. दुसरे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्यामुळेच ते अधिक फसवे ठरते. कारण या वर्गातील कित्येक शब्दांत तो प्राचीन ध्वनी कधीही नव्हता. वस्तुतः 'जी-एच' हा एक लेख नसून निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या अनेक लेखांचा तो संच आहे. त्यातील प्रत्येक लेखाचा काळ व कर्ता स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

आरंभ अर्थातच जुन्या इंग्रजीपासून करावयास हवा. नॉर्मन विजयापूर्वीच्या, म्हणजे १०६६ पूर्वीच्या, हस्तलिखितांत या शब्दांत 'जी-एच' ही जोडी आढळत नाही. तेथे 'निह्त', 'दोह्तोर', 'थुर्ह', 'रिह्त' अशी रूपे केवळ 'एच' या अक्षराने लिहिलेली दिसतात. या 'एच'चा उच्चार तोंडातल्या तोंडात विरणारा हकार नव्हता. कंठाच्या किंवा तालूच्या स्थानी हवेचे घर्षण होऊन निघणारा तो एक स्पष्ट अघोष घर्षक होता. जर्मन भाषेतील 'नाख्त', 'तोख्तर', 'आख्त' या रूपांत तो अद्याप ऐकू येतो आणि स्कॉटलंडच्या बोलींतही तो टिकून आहे.

संस्कृतज्ञांना या शब्दांचे गोत्र ओळखण्यास वेळ लागणार नाही. 'नाइट' व 'नक्त', 'डॉटर' व 'दुहितृ', 'एट' व 'अष्ट', हलके या अर्थीचा 'लाइट' व 'लघु', उजेड या अर्थीचा 'लाइट' व 'रुच्' धातू, सरळ वा योग्य या अर्थीचा 'राइट' व 'ऋजु' या जोड्या एकाच मूळ भाषाकुलातून आलेल्या आहेत. 'नक्त' हा शब्द मराठीत उपवासाच्या प्रकारापुरता उरला आहे, आणि 'दुहितृ'चा वंशज कोकणीत 'धुव' या रूपाने घरोघर नांदतो आहे. येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. इंग्रजीतील दोन 'लाइट' आज अक्षरशः एकरूप दिसतात. पण त्यांची मुळे भिन्न आहेत. लेखनातील साम्यावरून एकमूलत्व सिद्ध होत नाही, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

नॉर्मन विजयानंतर इंग्रजी लिहिणाऱ्या लेखनिकांचे शिक्षण लॅटिन व फ्रेंच वळणाचे झाले. फ्रेंचमध्ये 'एच'ला उच्चारमूल्य फारसे उरले नव्हते, त्यामुळे घर्षक ध्वनीसाठी ते एकटे अक्षर अपुरे वाटू लागले. दुसरीकडे, जुन्या इंग्रजी वळणाचा 'जी' आणि युरोप खंडातून आलेला नव्या वळणाचा 'जी' अशी दोन चिन्हे एकाच वेळी प्रचारात आली. नव्या चिन्हाकडे स्पर्श 'ग' गेला आणि जुन्या चिन्हाकडे, ज्याला पुढे 'योख' असे नाव पडले, 'य' व घर्षक हे दोन्ही ध्वनी आले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑर्म नावाच्या धर्मोपदेशकाने रचलेला 'ऑर्म्युलम' हा पद्यग्रंथ या दृष्टीने अनमोल आहे. काव्य म्हणून तो कंटाळवाणा आहे, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. परंतु आपले प्रवचन वाचणाऱ्याने उच्चारात चूक करू नये म्हणून ऑर्मने स्वतःची एक काटेकोर लेखनपद्धती बसविली. ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन तो दुहेरी लिहितो, आणि सघोष कंठ्य घर्षकासाठी योखच्या जोडीला 'एच' वापरतो. घर्षण दाखविण्यासाठी 'ग'वर्गीय चिन्हाला 'एच' जोडण्याची कल्पना अशा रीतीने त्या काळी सुचलेली होती. ऑर्मचे अनुकरण मात्र कोणी केले नाही.

पुढील दोन-अडीच शतकांत देशभर अनागोंदी होती. एकच ध्वनी कोठे योखने, कोठे 'एच'ने, कोठे 'सी-एच'ने, तर कोठे 'जी-एच'ने लिहिला जाई. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तरमध्ययुगीन इंग्रजीच्या भाषिक मानचित्रसंग्रहात 'थ्रू' या एका शब्दाचीच सुमारे पाचशे लेखनरूपे नोंदलेली आहेत. पंधराव्या शतकात राजदरबारच्या कचेऱ्यांतून इंग्रजीत पत्रव्यवहार होऊ लागला. पाचव्या हेन्रीने १४१७ पासून आपली मुद्रांकित पत्रे इंग्रजीतून लिहविण्यास सुरुवात केली. या कचेऱ्यांच्या लेखनात 'जी-एच' या जोडीला जे स्थान मिळाले, त्याने तिचा पुढील मार्ग सुकर केला. योख मागे पडला. छापखान्यांच्या खिळ्यांत तर त्याला जागाच उरली नाही. स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी आकाराने जवळचा 'झेड' बसविण्यात आला. 'मेंझिस' असे लिहिलेल्या आडनावाचा पारंपरिक उच्चार 'मिंगिस' असा होतो, त्याचे कारण हेच.

आता या कथेतील खरा पेच समोर येतो. 'जी-एच' हे लेखन स्थिरावू लागले त्याच सुमारास तो ध्वनी इंग्लंडच्या दक्षिण भागातील उच्चारातून नाहीसा होऊ लागला होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या भाषेत घर्षक उच्चारला जात असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो अनेकांच्या तोंडी नव्हता. याचा पुरावा व्याकरणकारांच्या विधानांपेक्षा चुकीच्या लेखनांतून अधिक भक्कमपणे मिळतो. एडमंड स्पेन्सर याच्या 'फेअरी क्वीन' या काव्याचे पहिले तीन सर्ग-खंड १५९० मध्ये छापले गेले. त्यात 'क्वाइट' व 'स्पाइट' हे शब्द 'जी-एच' घालून लिहिलेले आढळतात. या दोन्ही शब्दांत घर्षक कधीच नव्हता. ही अक्षरे केवळ दीर्घ स्वराची खूण झाल्यावाचून कवीला असे लिहिण्याचे सुचलेच नसते.

याच मार्गाने 'डिलाइट' या शब्दात ही जोडी शिरली व कायमची राहिली. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ लॅटिन आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो या अक्षरांवाचूनच लिहिला जात असे. सोळाव्या शतकात 'लाइट'च्या सादृश्यामुळे त्याचे रूप बदलले. 'स्प्राइटली' व 'हॉटी' यांचीही हकीकत अशीच आहे. पहिल्याच्या मुळाशी 'स्पिरिट' आहे, दुसऱ्याच्या मुळाशी फ्रेंच 'ओ', म्हणजे उंच. तेव्हा मूक 'जी-एच' दिसताच तेथे जर्मानिक घर्षक होता असे अनुमान करणारा अभ्यासक या शब्दांपाशी हमखास ठेचाळतो.

ध्वनीचा हा लोप एका दिवसात झाला नाही आणि समाजाच्या सर्व थरांत सारखा झाला नाही. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचा मुख्याध्यापक अलेक्झांडर गिल, जो मिल्टनचा गुरू म्हणून ओळखला जातो, त्याने १६१९ मध्ये 'लोगोनोमिया आंग्लिका' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या ध्वनिलेखनात या घर्षकासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. उदाहरणांसाठी गिलने अनेकदा स्पेन्सरचेच उतारे घेतले आहेत. ज्या कवीच्या लेखनावरून ध्वनी लोपल्याचे अनुमान निघते, त्याच कवीच्या ओळी लिप्यंतरित करणारा शिक्षक एका पिढीनंतर तो ध्वनी मानतो! यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. शुद्ध उच्चाराचा अभिमान बाळगणारा शाळामास्तर आणि रस्त्यावरची बोली यांच्यात एका पिढीचे अंतर असणे स्वाभाविक आहे.

काही शब्दांत घर्षक लोपला नाही. त्याने स्थान बदलले. 'लाफ', 'रफ', 'टफ', 'इनफ', 'कफ' यांत त्याचा दंतोष्ठ्य 'फ' झाला. ओठ गोल करून उच्चारलेल्या स्वरानंतर कंठ्य घर्षकाचा नाद 'फ'च्या नादाशी बराच जुळतो, आणि ऐकणाऱ्याने एकाऐवजी दुसरा ग्रहण करणे शक्य होते. हा बदल बोलीबोलींत वेगवेगळ्या शब्दांत घडला. प्रमाण उच्चारात बोलींची ही सरमिसळ झाल्यामुळे 'दो' व 'डो' मूक राहिले आणि 'टफ'मध्ये 'फ' आला. कणकेच्या गोळ्याला 'डो' म्हणावयाचे आणि त्याच शब्दाच्या बोलीरूपाने एका उकडलेल्या गोड पदार्थास 'डफ' म्हणावयाचे, ही गंमत त्यातूनच निर्माण झाली. ठेंगू या अर्थीच्या 'ड्वॉर्फ' शब्दात तर लेखनानेच उच्चाराची बाजू घेतली व 'जी-एच'ला फाटा देऊन 'एफ' स्वीकारला.

येथवरच्या शब्दांत ही जोडी मध्ये किंवा अंती येते. आरंभी येणाऱ्या जोडीचा इतिहास सर्वस्वी निराळा आहे आणि त्याचे केंद्र एका छापखान्यात आहे. विल्यम कॅक्स्टन हा केंट परगण्यात जन्मलेला व्यापारी सुमारे तीस वर्षे फ्लँडर्स व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत राहिला. ब्रुझ येथील इंग्रज व्यापाऱ्यांचा तो प्रमुख होता. मुद्रणकला आत्मसात करून तो इंग्लंडला परतला आणि १४७६ मध्ये त्याने वेस्टमिन्स्टर येथे देशातील पहिला छापखाना घातला. जुन्या इंग्रजीत आत्मा वा भूत या अर्थी 'गास्त' असा शब्द होता व तो साध्या 'जी'ने लिहिला जाई. कॅक्स्टनच्या मुद्रित ग्रंथांत तो 'जी-एच'ने लिहिलेला दिसू लागतो. फ्लेमिश भाषेत याच शब्दाचे लेखन 'जी-एच'ने होत असे. डच भाषेवरून भाषांतर करून त्याने १४८१ मध्ये छापलेल्या रेनार्ड कोल्ह्याच्या कथेत हंसवाचक 'गूस' शब्दासही हा 'एच' चिकटलेला आहे.

या बदलाचे खापर बहुधा फ्लँडर्सहून आणलेल्या जुळाऱ्यांवर फोडले जाते. परभाषी जुळाऱ्याने खिळे जुळविताना आपल्या सवयीप्रमाणे एक अक्षर जास्त घातले, ही कथा सांगावयास सोपी आहे. तथापि कॅक्स्टन स्वतः आयुष्यातील उमेदीची तीन दशके त्याच प्रदेशात वावरला होता, आणि त्याची अनेक भाषांतरे त्याच्या स्वतःच्या हातची होती. सवय जुळाऱ्याची होती की मालकाची, हे छापील पानावरून ठरविता येत नाही. चाकराच्या माथी दोष मारणे इतिहासात नेहमीच सोयीचे असते, एवढीच नोंद येथे पुरे.

अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, 'गूस'मधील 'एच' गळून पडला आणि 'गोस्ट'मधील का राहिला? कॅक्स्टनच्या नंतर लगेच हे लेखन रूढ झाले असेही नाही. विल्यम टिंडलच्या १५२६ च्या नव्या करारात पवित्र आत्म्याचे नाव 'एच'वाचूनच छापलेले आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे रूप बळावले आणि १६११ च्या राजमान्य बायबलात ते निश्चित झालेले दिसते. दर रविवारी ज्या शब्दाचे वाचन होते त्याचे रूप डोळ्यांना लवकर सरावते, यात शंका नाही. शिवाय भयवाचक 'गास्टली' व 'अगास्ट' हे शब्दही त्याच वळणावर गेले व एक छोटे कुटुंब तयार झाले. हंस, बकरी व मुलगी यांच्या नावांना असे पाठबळ मिळाले नाही.

इटालियनमधून आलेल्या 'गेटो' शब्दातील जोडी पुन्हा वेगळी आहे. १५१६ मध्ये व्हेनिसमध्ये ज्यूंना ज्या वस्तीत कोंडण्यात आले तिचे हे नाव. इटालियन लेखनात 'ई' व 'आय' यांच्यापूर्वीचा 'जी' मृदू होऊन 'ज'सारखा उच्चारला जातो. तो कठोर राखण्यासाठी मध्ये 'एच' घालतात. येथे 'एच' हा ध्वनी नसून केवळ पहारेकरी आहे.

ही सर्व भिन्नता ध्यानात न घेता केलेला एक विनोद फार प्रसिद्ध आहे. 'इनफ'मधील 'जी-एच'चा 'फ', 'विमेन'मधील 'ओ'चा 'इ' आणि 'नेशन'मधील 'टी-आय'चा 'श' घेऊन 'जी-एच-ओ-टी-आय' ही अक्षरे 'फिश' अशी वाचावीत, असा तो आहे. त्याचे जनकत्व बर्नार्ड शॉ यांना देण्याची प्रथा आहे. शॉ यांना इंग्रजी वर्णलेखनाचा तिटकारा होता, १९५० मध्ये मृत्यू पावताना त्यांनी नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात पैशांची तरतूद केली, हे खरे. परंतु हा विनोद प्रकाशक चार्ल्स ऑलियर याने ले हंट यास डिसेंबर १८५५ मध्ये लिहिलेल्या पत्रात आलेला असून तेथे त्याचे श्रेय ऑलियरच्या मुलाला दिलेले आहे. शॉ यांचा जन्म जुलै १८५६ चा. कालगणनेइतकीच त्यातील भाषाशास्त्रही लंगडे आहे. शब्दाच्या आरंभीच्या 'जी-एच'चा उच्चार इंग्रजीत कधीही 'फ' होत नाही; तो गोल स्वरानंतरच्या जुन्या घर्षकाचा परिणाम आहे, आणि आरंभीची जोडी कॅक्स्टनच्या किंवा परदेशी शब्दांच्या वाटेने आलेली आहे. विनोद हसू आणतो तो दोन वेगळ्या दप्तरांतील कागद एकत्र शिवल्यामुळे.

या जोडीला हद्दपार करण्याचे प्रयत्न मुख्यतः अमेरिकेत झाले. नोआ वेब्स्टर याच्या १८२८ च्या कोशाने नांगरवाचक 'प्लाउ' शब्दातून ती काढली व ते रूप तेथे रुजले. १८९१ मध्ये अमेरिकेच्या भौगोलिक नामविषयक मंडळाने नगरनामांच्या अंती येणाऱ्या 'बर्ग'मधील 'एच' गाळण्याचे ठरविले. पिट्सबर्गच्या नागरिकांनी या निर्णयास विरोध केला आणि १९११ मध्ये आपला 'एच' परत मिळविला. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी मुद्रणालयास तीनशे शब्द सुधारित रूपांत छापण्याचा आदेश दिला. त्यात 'दो' व 'थ्रू' यांची 'जी-एच'रहित रूपे होती. काँग्रेसच्या विरोधापुढे तो आदेश त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने १९३४ पासून सुटसुटीत लेखनाचा प्रयोग चालविला आणि 'थ्रू'चे आखूड रूप दीर्घकाळ छापले. १९७५ मध्ये त्यानेही तो नाद सोडला.

महाराष्ट्रातील अनुभव याच्या उलट आहे. 'कांटा', 'पांच' यांतील व्युत्पत्तिमूलक अनुस्वार हे 'नाइट'मधील 'जी-एच'च्या जातीचेच होते : उच्चारात मावळलेले, पण 'कण्टक' व 'पञ्च' यांची आठवण ठेवणारे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते काढले, शासनाने नियम स्वीकारले आणि शाळांतून एका पिढीत ते दिसेनासे झाले. इंग्रजीला अशी मान्यता देणारी एकच संस्था कधी नव्हती. तेथे निर्णय कोशकार, मुद्रक व वाचक यांच्या ओढाताणीत होत राहिला.

अमेरिकेत 'एच' काढण्याचा खटाटोप चालू असताना हिंदुस्थानात तो पद्धतशीरपणे बसविला जात होता. सर विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात पौर्वात्य शब्दांच्या रोमन लेखनाची एक पद्धती मांडली. जोन्स यांच्यासारख्या विद्वानांच्या आणि पुढे सरकारी खात्यांच्या प्रयत्नांनी महाप्राण व्यंजन 'एच' जोडून लिहिण्याचे वळण दृढ झाले. 'घाट' व 'घी' हे शब्द इंग्रजीत 'जी-एच'ने लिहिले जातात ते या अर्थाने. मराठीत 'घाट' म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट. युरोपीयांनी ते नाव संपूर्ण सह्याद्रीला दिले आणि तेच भूगोलाच्या पुस्तकांतून परत येथे आले. 'डिंगी' या होडीच्या नावात मात्र 'जी-एच' आहे, पण महाप्राण नाही. मूळ शब्दात 'ग'च आहे. इंग्रज वाचकाने 'डिंजी' म्हणू नये म्हणून 'एच' घातला गेला. हिंदुस्थानी शब्द असूनही त्याचे लेखन 'घाट'च्या नव्हे, 'गेटो'च्या कुळातले आहे.

तिसरा प्रकार 'मोगल' शब्दाचा. फार्सीतील या नावात सघोष कंठ्य घर्षक आहे, म्हणजे ऑर्मने ज्यासाठी योखला 'एच' जोडला होता तोच ध्वनी. एकोणिसाव्या शतकातील लिप्यंतरकारांनी, ऑर्मशी काडीमात्र संबंध नसताना, त्याच युक्तीने तो 'जी-एच' असा लिहिला. त्याच जोडीने 'घाट'मधील महाप्राणही लिहिला जात असल्याने रोमन लेखनात दोन्ही ध्वनी एकरूप झाले. याचे पडसाद मराठी लेखनात उमटले आहेत. बखरी व मराठेशाहीतील पत्रव्यवहार यांत 'मोगल' किंवा 'मोंगल' हेच रूप आढळते. तोंडी परंपरेने आलेला घर्षक मराठी कानाने 'ग' म्हणून घेतला होता. अलीकडच्या पुस्तकांत व वृत्तपत्रांत सर्रास दिसणारे 'मुघल' हे रूप फार्सीतून किंवा जुन्या मराठीतून आलेले दिसत नाही. इंग्रजी ग्रंथांतील 'जी-एच' पाहून त्याचा 'घ' केला गेला असावा, असे मानण्यास सबळ कारण आहे. 'अफगाण' हा शब्द त्याच फार्सी ध्वनीचा आणि त्याच रोमन अक्षरांचा असूनही मराठीत 'ग'नेच लिहिला जातो. मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर करताना 'मोगल'च्या जागी 'मुघल' छापणाऱ्या संपादकाच्या हातून मूळ साधनाच्या पाठात फरक होतो, आणि तो फरक अठराव्या शतकातील कारकुनाच्या नावावर जमा होतो.